84 वर अडलेला हात

डिचोलीहून एका ताईंचं पत्र आलंय. नाव छापू नका असं त्यांनी कळवलंय, म्हणून मजकूर तेवढा देतो.

"सर, मी 31 वर्षांची आहे, बँकेत नोकरी करते. दोन वर्षांपासून अकॉस्टिक गिटार शिकते. गेले तीन महिने फिंगरपिकिंगचा एकच तुकडा घेऊन बसलेय. अंगठ्याने जाड तारांवर आलटून-पालटून बेस आणि वर बाकीच्या बोटांनी धून, असा तो आहे. मूळ लय 112, म्हणजे मिनिटाला 112 ठोके. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) 60 ला लावून सुरुवात केली, दोन-दोन ठोके वाढवत 84 पर्यंत आले. 88 ला लावलं की सगळं विस्कटतं. मग 80 वर जाते, पुन्हा चढते, पुन्हा तिथेच पडते. रोज रात्री दीड तास बसते. हल्ली उजव्या कोपराच्या खाली दुखतं. चवथीला नऊ आठवडे राहिलेत. मूळ घरी सगळी भावंडं जमतात, विसर्जनाच्या आदल्या रात्री आरत्या झाल्यावर वाजवीन असं बोलून बसलेय. माझ्या बोटांत वेगच नाही का? शिकायचं वय निघून गेलं का?"

ताई, वयाचं आधी सांगतो. फोंड्याला माझ्याकडे पन्नाशीनंतर गिटार हातात घेतलेली माणसं येतात आणि चांगली वाजवतात. 31 हे काही वय झालं नाही, तो विषय इथेच सोडा.

बोटांत वेग नाही का, हा प्रश्न मात्र तुम्ही समजता त्यापेक्षा मोलाचा आहे. बोटं वाकवणारे स्नायू बोटांत नसतातच. ते असतात तळहातात आणि कोपराखालच्या भागात, म्हणजे तुमचं दुखतंय नेमकं तिथे. कळसूत्री बाहुलीसारखं बोट लांबून ओढलं जातं. तार छेडताना एक स्नायू बोट आत ओढतो, त्याच्या उलट काम करणारा दुसरा ते परत बाहेर आणतो. सावकाश वाजवताना दोघांना आपापली पाळी मिळते. लय वाढली आणि पहिला सैल व्हायच्या आत दुसरा ओढू लागला, की दोघं एकाच वेळी ताणले जातात. बोट अडकतं, हात जड होतो आणि रात्री दुखतं. तुमचं 88 ला विस्कटणं आणि कोपराखालचं दुखणं ही दोन वेगळी दुखणी नाहीत. ताकद तुमच्याकडे पुरेशी आहे, सैल सोडायला उशीर होतोय.

म्हणून सलग दीड तास आजपासून बंद. पंधरा मिनिटांच्या तीन किंवा चार बैठका करा, मधे उठा, पाणी प्या, हात खाली सोडून हलवा. पहिले चार-पाच दिवस तर गिटार केसमध्येच राहू द्या. विश्रांती देऊनही दुखणं दोन आठवड्यांत ओसरलं नाही, किंवा बोटांना मुंग्या येऊ लागल्या, तर डॉक्टरांना दाखवा. यात चालढकल नको. दुखणं दाबून वाजवत राहिलेले आणि नंतर वर्षभर गिटार उचलू न शकलेले लोक मी पाहिलेत.

हात बरा वाटला की पहिल्या दिवशी एक परीक्षा घ्या. डावा हात मांडीवर ठेवा. मेट्रोनोम थेट 112 ला लावा आणि तुमच्या तुकड्यातला उजव्या हाताचा साचा नुसत्या मोकळ्या तारांवर वाजवा. धून नाही, कॉर्ड (डाव्या हाताने एकत्र दाबलेले स्वर) नाही, फक्त उजवा हात. पुष्कळांचा हात इथे 100-105 पर्यंत आरामात जातो, काहींचा 112 ला सुद्धा. तसं झालं तर तीन महिने तुम्ही चुकीच्या हाताला बोल लावत होता. माशेलहून माझ्याकडे येणारा एक मुलगा असाच दर वेळी नवव्या ओळीत पडायचा आणि उजव्या हाताची बोटं मोडत बसायचा. शेजारी बसून पाहिलं तर त्याची डावी करंगळी कॉर्ड बदलताना फ्रेटबोर्डपासून, म्हणजे तारा दाबतो त्या पट्टीपासून, दोन इंच वर उडत होती. ती खाली येईपर्यंत उजवा हात थांबायचा आणि मग निसटलेलं पकडायला धावायचा. करंगळी तारेच्या जवळ ठेवायला शिकवली, आठ दिवसांत ती ओळ सुटली. उजव्या हाताचं काही बदललंच नव्हतं.

दोन हातांचं दुखणं वेगवेगळं तपासायचं ही जुनी रीत आहे. मावरो जुलियानी या इटालियन गिटारवादकाने 1812 मध्ये व्हिएन्नात उजव्या हातासाठी 120 अभ्यास छापले. ते सगळे सी आणि जी सेव्हन या दोनच कॉर्डांवर आहेत. डाव्या हाताला जवळजवळ सुट्टी, म्हणजे लक्ष पूर्ण उजव्यावर.

परीक्षेत उजवा हातच अडखळला, तर मग त्याच्याकडे वळू. मला स्वतःला लागलेली ठेच सांगतो. तरुणपणी मी फोंड्याहून बस पकडून सासष्टीतल्या एका म्हाताऱ्या मेस्तांकडे, म्हणजे संगीत शिकवणाऱ्या मास्तरांकडे, जायचो. ते लहानपणी चर्चच्या शाळेत सोल्फा (पाश्चात्य सरगम) आणि व्हायोलिन शिकले होते, गिटार नंतरची. एक अवघड तुकडा मला जमत नव्हता. मेस्त म्हणाले, वाजव. पुन्हा वाजव. पाच वेळा वाजवायला लावलं, आणि प्रत्येक वेळी मी कुठला स्वर कुठल्या बोटाने छेडला ते पेन्सिलीने स्वराच्या डोक्यावर लिहीत गेले. मग कागद माझ्यापुढे सरकवला. एका स्वरावर खालून वर पाच अक्षरं होती: आय, एम, आय, ए, एम. एकाच जागी कधी तर्जनी, कधी मध्यमा, एकदा अनामिका. मेस्त एवढंच म्हणाले, तू एक तुकडा पाच वेळा वाजवला नाहीस, पाच तुकडे एकेकदा वाजवलेस. तो कागद मी कितीतरी वर्षं गिटारच्या केसमध्ये ठेवला होता.

तुम्हीही हेच करा. शेजारी कोणी लिहिणारं नसेल तर फोन समोर उभा करून उजव्या हाताचा व्हिडिओ घ्या आणि अर्ध्या गतीने पाहा. प्रत्येक स्वराचं बोट ठरवा, पेन्सिलीने लिहा, आणि लिहिलं ते पाळा. सावकाश लयीत कुठलंही बोट चालून जातं, मेंदूला निवडायला वेळ असतो. एका ठोक्याला चार टोले धरले तर 60 ला तुम्ही सेकंदाला चार टोले देता, 84 ला साडेपाचच्या वर, 112 ला जवळपास साडेसात. साडेसात टोल्यांत निवड करायला जागाच उरत नाही.

बोटं ठरवताना अनामिकेवर सक्ती करू नका. तिची रचनाच तशी आहे. मनगटाच्या मागच्या बाजूने येणाऱ्या तिच्या स्नायूंच्या दोऱ्या शेजारच्या बोटांच्या दोऱ्यांशी जोडलेल्या असतात, म्हणून ती एकटी उचलत नाही. तळहात टेबलावर ठेवून मध्यमा आत दुमडा आणि मग अनामिका उचलून पाहा, लगेच कळेल. तुम्ही वाजवता त्या आलटून-पालटून बेसच्या शैलीला ज्यांचं नाव मिळालं ते अमेरिकेतल्या केंटकीचे मर्ल ट्रॅव्हिस मुख्यतः अंगठा आणि तर्जनी या दोनच बोटांनी वाजवत. त्यामुळे एखाद्या जागी अनामिका सारखी चुकत असेल आणि तिथे मध्यमा बसत असेल, तर खुशाल मध्यमा घ्या. कागदावर छापलेली बोटं कुणा दुसऱ्याच्या हाताची असतात.

आता बेस. तीन दिवस फक्त अंगठा वाजवा. धून तोंडाने गुणगुणा, पण तार छेडायची ती अंगठ्यानेच. कंटाळा येईल, तरी करा. या शैलीत अंगठा म्हणजे ठेका. तबलजी ठेका धरून बसला की गाणारा मोकळा होतो, ठेका डळमळला की गाणारा कितीही तयारीचा असो, त्याचं लक्ष खाली जातं. तुमची धून तुटते त्यातल्या निम्म्या वेळी आधी अंगठा डळमळलेला असतो, ऐकू मात्र धून तुटलेली येते. आपल्या गोव्याचे तबलावादक खाप्रुमामा पर्वतकर एका हाताने एक लय आणि दुसऱ्या हाताने वेगळी लय धरत, अशी त्यांची ख्याती होती. आपल्याला तेवढं करायचं नाही. पण एक अंग इतकं अंगवळणी पडावं की दुसऱ्याकडे पाहायला मन मोकळं राहावं, हे तत्त्व त्याच वाटेवरचं आहे. अंगठा वाजत असताना शेजारच्या माणसाला आज जेवायला काय केलं ते सांगता आलं, की अंगठा तयार झाला समजा.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हे उत्तर एवढं लांबवतोय. दोन-दोन ठोके वाढवत चढण्याची पद्धत सगळे सांगतात. मीही बरीच वर्षं शिकवली. एका मर्यादेपर्यंत ती चालतेही. पण तुम्ही अडलात तिथे बहुतेक जण अडतात, आणि त्याला कारण आहे. सावकाश वाजवताना हात जी हालचाल करतो, तीच भरभर केली म्हणजे जलद वादन होत नाही. चालणं कितीही भरभर केलं तरी ते धावणं होत नाही, धावण्यात पाऊलच वेगळं पडतं. 60 ला बोट तारेपासून दूर गेलेलं चालतं, मनगट उचललेलं चालतं, प्रत्येक टोला वेगळा मोजलेला चालतो. या तिन्ही गोष्टी तुम्ही 84 पर्यंत सोबत ओढत आणल्यात. 88 ला ओझं पेलवेनासं झालं. आणखी तीन महिने तीच शिडी चढलात तर तीच सवय आणखी पक्की होईल.

तेव्हा शिडी बाजूला ठेवा आणि वरच्या लयीला थेट हात लावा, पण अगदी छोट्या घासाने. मेट्रोनोम 112 ला. एका ठोक्यात चार टोले आणि पुढच्या ठोक्यावर पाचवा. बस्स, थांबा. हात तारांवर सैल पडू द्या. पुढचे चार ठोके काहीही वाजवू नका, फक्त ऐका आणि खांदा खाली आलाय का ते पाहा. मग पुन्हा तेच पाच. अर्ध्या सेकंदाचं काम आणि दोन सेकंदांची विश्रांती. एवढा छोटा घास 112 ला तुम्हाला पहिल्याच दिवशी जमेल, कारण ताण साचायच्या आतच तो संपतो. आणि हातात येईल ती जलद वादनाची खरी हालचाल: बोटं तारेला जवळजवळ चिकटून, चार टोले मिळून एकच झटका.

पाचवा टोला का म्हणतो, ते नीट समजून घ्या. चारावर थांबलात तर तुम्ही थांबण्याचाच सराव कराल, आणि पुढे जोडायला गेलात की तिथेच खाच पडेल. तिहाई (तीनदा घेतलेला तुकडा) समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येते तेव्हाच ती पुरी होते ना? तसा प्रत्येक तुकडा पुढच्या ठोक्याच्या पहिल्या स्वरावर उतरला पाहिजे. मग पुढचा घास त्याच स्वरापासून सुरू करायचा. साखळीतली प्रत्येक कडी पुढच्या कडीत अडकलेली हवी. पाच जमले की नऊ, नऊ जमले की सतरा, म्हणजे एक पूर्ण मात्राचक्र आणि पुढची सम. सतरा स्वर 112 ला सैल हाताने वाजले, त्या दिवशी मला कळवा, मला खरंच आनंद होईल.

सगळा तुकडा असा चिरत बसायची गरज नाही. "सगळं विस्कटतं" असं तुम्ही लिहिलंय, पण सगळं कधीच विस्कटत नाही. 88 ला तीन वेळा वाजवून रेकॉर्ड करा. प्रत्येक वेळी सर्वांत आधी कुठे तुटलं तेवढंच ऐका. माझा अनुभव असा की तीनही वेळा जागा एकच निघते, फार तर दोन. त्यापुढचा गोंधळ हा त्या पहिल्या पडण्याचा धक्का असतो. त्या जागेच्या आधीचे दोन स्वर आणि नंतरचे दोन धरून घास करा. अवघड जागा बहुधा दोन सोप्या जागांच्या सांध्यात असते: कॉर्ड बदलतो तिथे, अंगठा पाचव्या तारेवरून सहाव्या तारेवर जातो तिथे, ओळ संपून नवी सुरू होते तिथे. आपण मात्र ओळी घोटतो आणि सांधे तसेच ठेवतो.

सावकाश वाजवणं सोडा असं मी म्हणत नाही. एक दिवस घास, एक दिवस सावकाश, असं आलटून-पालटून चालू द्या. पण सावकाश म्हणजे लय सावकाश, बोट सावकाश नव्हे. 60 ला सुद्धा टोला झटक्यात द्या, लगेच सैल करा, आणि पुढचं बोट आधीच आपल्या तारेवर टेकवून वाट पाहू द्या. घुमट (आपला मातीचा ढोल) वाजवून होणाऱ्या आरतीत लय चढते तेव्हा चांगल्या घुमटकराकडे एकदा निरखून पाहा. आवाजाचा पाऊस पडतो, खांदा मात्र जागच्या जागी असतो.

रात्री झोपण्यापूर्वीची बैठक घासांसाठी ठेवा आणि त्यानंतर आणखी काही नवं वाजवू नका. हाताचं शिकणं झोपेत मुरतं. रात्री न जमलेली जागा सकाळी न घोटता जमते, हे तुम्हालाही कधीतरी जाणवलं असेल.

गिटारबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही, पण दिवस पावसाचे आहेत म्हणून विचारतो. गिटारच्या लाकडाला हवेत 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. जुलैत आपल्याकडे ती 80 च्या वर असते. पुढची फळी पाणी पिऊन फुगते, ब्रिज (फळीवर तारा अडकवतात ती पट्टी) वर उचलला जातो आणि तारा फ्रेटपासून, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून, लांब जातात. मे महिन्यात सहज दबणारी तार आषाढात बोटाला कापते. स्टीलची पट्टी घेऊन बाराव्या फ्रेटवर मोजा. जाड तारेखाली अडीच मिलिमीटर आणि बारीक तारेखाली दोनपर्यंत ठीक. तीनच्या वर गेली असेल तर तुमचा निम्मा झगडा लाकडाशी चाललाय. गिटार उघड्यावर टांगू नका, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, त्यांचा रंग बदलला की तापवून कोरड्या करा. 12 गेजच्या (जाडीच्या) तारा असतील तर 11 लावा. तोवर दुसऱ्या फ्रेटवर कापो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून सराव केलात तरी डाव्या हाताला पुष्कळ आराम पडेल. वाजवून झालं की तारा सुक्या फडक्याने पुसा, नाहीतर आपल्या हवेत आठ दिवसांत त्यांना गंज धरतो आणि खरखरीत तारेवर बोट अडतंच.

नऊ आठवड्यांचा हिशेब असा धरा. पहिले दोन आठवडे हात बरा करणं, बोटं ठरवणं आणि अंगठा. या काळात पूर्ण तुकडा एकदाही वाजवायचा नाही. हे सगळ्यात कठीण जाईल, कारण तुकडा तुमच्या कानात आहे आणि हात तिकडे धावणार. पुढचे चार आठवडे घास आणि सांधे. शेवटच्या तीन आठवड्यांत रोज एकदा, फक्त एकदा, पूर्ण तुकडा वाजवा, तोही बोटं गरम न करता, कुणालातरी समोर बसवून. चवथीच्या रात्री सराव करून बसायला वेळ मिळणार नाही. आरत्या चालू असतील, घरभर माणसं असतील, कुणीतरी हाक मारेल आणि गिटार हातात देईल. त्या रात्री झांज दुसऱ्याकडे द्या. अर्धा तास झांज वाजवलेलं मनगट पिकिंगला उरत नाही.

आणि 112 चा हट्ट धरू नका. घरी 112 सहज येऊ लागलं तरी तिथे 100 च्या मनाने सुरू करा. माणसांसमोर हात आपोआप पुढे धावतो. 100 ला बेस डुलत असेल आणि धून स्वच्छ ऐकू येत असेल, तर समोर बसलेल्या भावंडांपैकी कुणाच्याही डोक्यात मेट्रोनोम नसेल. मला स्वतःला या शैलीतले कितीतरी तुकडे मूळ लयीपेक्षा किंचित खाली ऐकायला जास्त आवडतात, बेसला श्वास मिळतो.

नव्या तारा चवथीच्या चार-पाच दिवस आधी लावा, आदल्या दिवशी लावल्यात तर ताणत राहतील आणि सूर उतरेल. आणखी एक, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. त्या आठवड्यात नेवऱ्यांसाठी (करंज्यांसाठी) नारळांचा ढीग पडलेला असेल आणि सगळे तुमच्याकडेच बघतील. यंदा आदोळीवर (नारळ खवायच्या विळीवर) एखाद्या भावाला बसवा. उजव्या हाताचं नख तिथे तुटलं तर ते पुरेसं वाढायला तीन-चार आठवडे लागतील.